पाहुण्यांना टेकू द्या

४ ऑक्टोबरला संत फ्रान्सिस असिसीकरांचा सण झाला की आपल्या खानदेशात उत्तरेकडचे पाहुणे उतरू लागतात. जळगाव जिल्ह्यात चांगदेवजवळ तापी आणि पूर्णा एकत्र येतात. तिथे हतनूर धरणाचे पाणी पसरलेले आहे. ते ओसरू लागले की मधली लहान लहान बेटे उघडी पडतात आणि लडाख-तिबेटकडची चक्रवाक बदके येऊन विसावतात.

गेल्या हिवाळ्यात आम्ही पॅरिशमधली काही कुटुंबे धुळ्याहून पहाटे निघून ती पाहायला गेलो. मुलांना पक्षी उडताना बघायचे होते. टाळ्या आम्ही मोठ्यांनीच वाजवल्या. अख्खा थवा उठला, मुले नाचली, फोटो मिळाले. काठावर जाळे आवरणारे एक म्हातारे बाबा एवढेच म्हणाले, "लांबून आलेत भाऊ ते. टेकू द्या जरा."

परतताना गाडीत फारसे कोणी बोलले नाही. आमचे चुकले ते काय? आम्ही दगड मारला नाही, जाळे लावले नाही. नागालँडमध्ये दोयांग जलाशयाजवळ २०१२ साली अमूर ससाणे हजारोंनी जाळ्यात धरून मारले गेले. तिथल्या गावांनी आणि चर्चनी ते मनावर घेतले, आणि २०१३ साली ती शिकार थांबली. आमच्या हातून तसे काही घडले नव्हते. पण थकलेल्या पक्ष्याला विनाकारण उडावे लागले की त्याची शक्ती खर्च होते, खाण्याचा वेळ जातो. आमच्या कौतुकाची किंमत त्याने भरली. मारले नाही म्हणजे प्रेम केले, असे होत नाही.

हाच प्रश्न माणसांच्या बाबतीतही आहे. पक्षी इकडे येतात त्याच सुमारास, दिवाळीनंतर, आपल्या साक्री-नवापूर भागातली कितीतरी कुटुंबे ऊसतोडीसाठी गुजरातकडे निघतात. रस्त्याकडेला ट्रकची वाट पाहत गाठोड्यांशेजारी झोपलेली त्यांची लेकरे आपण बघतो, हळहळतो आणि पुढे जातो. त्यांना पाणी मिळाले का, टेकायला जागा आहे का, हे आपल्यापैकी किती जण विचारतात?

पाहणे वाईट नाही. पण जो घडीभर विसाव्याला आला आहे, त्याने आपल्याला काही दाखवलेच पाहिजे असे नाही.

यंदा आम्ही पुन्हा हतनूरला जाणार आहोत. दुर्बीण घेऊन काठावरच बसू. थवा उठला नाही, तर मुलांना सांगू की आज त्यांनी आपल्यावर विश्वास ठेवला. आणि दिवाळी झाली की चर्चच्या फाटकाबाहेर एक माठ आणि बसायला सतरंजी ठेवू. त्याचा फोटो मात्र नको.