थोमाला निरोप पुरला नाही



पुनरुत्थानकाळातील दुसऱ्या रविवारी, म्हणजे दैवी दयेच्या रविवारी, दरवर्षी एकच शुभवर्तमान वाचले जाते (योहान २०:१९-३१). पुनरुत्थित प्रभू शिष्यांना भेटला तेव्हा थोमा तेथे नव्हता. इतरांनी त्याला बातमी सांगितली. बातमी खरी होती, सांगणारे विश्वासातले होते, तरी त्याचे समाधान झाले नाही. त्याला निरोप नको होता, भेट हवी होती. आपण त्याला संशयी म्हणून नावे ठेवतो. पण आठ दिवसांनी प्रभूने काय केले? त्याने आणखी एक निरोप धाडला नाही. तो स्वतः आला आणि आपल्या जखमा त्याने थोमापुढे धरल्या.

निरोप आणि भेट यांतला हा फरक आपल्या काळात इंटरनेटवर वावरणाऱ्यांनाही जाणवला. म्हणून त्यांनी प्रत्यक्ष भेटीसाठी वेगळे शब्द तयार केले. पूर्वी अशा शब्दांची गरज नव्हती. आळीत एकच मारिया असली की नुसते मारिया म्हटले तरी चालते. दुसरी आली की पहिलीला थोरली म्हणावे लागते. तसेच हे झाले. पडद्यावरची भेट आली आणि समोरासमोरच्या भेटीला नवे नाव शोधावे लागले. आपली मुले यांतले काही शब्द सहज वापरतात. त्यांचा उगम पाहिला तर आपल्या श्रद्धेविषयीच काही शिकायला मिळते.

पहिला शब्द आहे ‘मीटस्पेस’. येथे ‘मीट’ म्हणजे भेटणे नव्हे. मीट म्हणजे मांस. विल्यम गिब्सन या लेखकाने १९८२ साली एका कथेत ‘सायबरस्पेस’ हा शब्द प्रथम वापरला आणि १९८४ च्या ‘न्यूरोमॅन्सर’ या कादंबरीमुळे तो सर्वत्र गेला. त्या कादंबरीचा नायक संगणकाच्या जगात रमलेला आहे आणि स्वतःच्या देहाकडे तो केवळ मांस म्हणून तुच्छतेने पाहतो. पुढे १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला सायबरस्पेसच्या उलट जे आहे, म्हणजे आपण जेथे जेवतो, झोपतो, आजारी पडतो ते जग, त्याला गमतीने मीटस्पेस म्हणू लागले. मांसाचे जग! १९९६ साली जॉन पेरी बार्लो यांनी सायबरस्पेसच्या स्वातंत्र्याचा जाहीरनामा लिहिला. त्यातही आमचे जग देहांच्या वस्तीचे नाही, असे अभिमानाने सांगितले होते.

बंधू-भगिनींनो, देहाचा हा कंटाळा नवा नाही. ख्रिस्तसभेच्या आरंभीच काही लोक म्हणत होते की, ख्रिस्ताला खरा देह नव्हता, तो फक्त देहधारी भासत होता. संत योहानाचे उत्तर आपल्याला ठाऊक आहे. आपल्या शुभवर्तमानाच्या पहिल्याच अध्यायात तो सांगतो की, शब्दाने देह धारण केला. त्याने तेथे वापरलेला ग्रीक शब्द ‘सार्क्स’ असा आहे. सार्क्स म्हणजे मांस. सभ्य, सौम्य शब्द त्याला मिळाला नसता असे नाही. पण त्याने मुद्दाम हाच घेतला. ज्याला संगणकवेडे हेटाळणीने मांस म्हणतात, तेच देवाच्या पुत्राने आपलेसे केले. त्याला भूक लागली, तो थकला, लाझरसच्या कबरेपाशी रडला.

देहाला तुच्छ मानले की पुढे काय होते, तेही पाहावे. दुसऱ्या शतकाच्या आरंभी अँटिओकचे बिशप संत इग्नेशियस यांना हौतात्म्यासाठी रोमला नेत होते. वाटेत त्यांनी स्मर्ना येथील ख्रिस्ती लोकांना पत्र लिहिले. ख्रिस्ताचा देह न मानणाऱ्यांविषयी ते दोन गोष्टी सांगतात. हे लोक ख्रिस्तशरीराच्या संस्कारापासून दूर राहतात आणि त्यांना विधवेची, पोरक्याची, भुकेल्याची काळजी नसते. या दोन्ही गोष्टी एकाच जागी लिहिल्या आहेत. वेदीवरचा देह नाकारणाऱ्याला शेजाऱ्याचा देहही दिसत नाही.

दुसरा शब्द ‘आयआरएल’. ‘इन रिअल लाइफ’ या तीन इंग्रजी शब्दांची ही आद्याक्षरे. अर्थ, खऱ्या आयुष्यात. ‘आम्ही आयआरएल भेटलो’ असे मुले म्हणतात. हा शब्द सोयीचा आहे, पण त्यात एक पळवाट आहे. पडद्याबाहेरचे तेवढे खरे, तर पडद्यावरचे खोटे ठरते. मग तेथे दिलेली शिवी, पसरवलेली अफवा, कुणाच्या लेकीची केलेली बदनामी, हे सारे जणू घडलेच नाही! येथे इंटरनेटवाल्यांनीच एक दुरुस्ती सुचवली आहे. २००९ साली स्टॉकहोम येथे ‘पायरेट बे’ या संकेतस्थळावर खटला चालला. त्यात पीटर सुंदे या आरोपीने आयआरएल हा शब्द आपल्याला पसंत नसल्याचे न्यायालयात सांगितले. आम्ही ‘एएफके’ म्हणतो, म्हणजे कीबोर्डपासून दूर. कारण इंटरनेटही खरेच आहे, असे त्याचे म्हणणे होते. त्या खटल्याचा निकाल त्याच्याविरुद्ध गेला, पण हा मुद्दा बरोबर आहे. कुटुंबाच्या ग्रुपवर भावाला लावलेला बोल खरा असतो. ते पाप खरे असते आणि पापनिवेदनात ते सांगावेच लागते.

तिसरा शब्द जपानचा, ‘ऑफकाई’. ‘ऑफलाइन’ मधला ऑफ आणि ‘काई’ म्हणजे सभा, मेळावा. जपानमध्ये १९८० च्या दशकात संगणक टेलिफोनला जोडून लोक एकमेकांना लिहू लागले. काही काळ गेला आणि त्यांना एकत्र बसून खावेप्यावेसे वाटू लागले. त्याच दशकात, १९८५ साली, कॅलिफोर्नियात ‘द वेल’ नावाचे असेच संगणकावरचे गप्पांचे मंडळ सुरू झाले. त्याचे सभासदही लवकरच दर महिन्याला प्रत्यक्ष जमू लागले. ही मंडळी तंत्रज्ञानाला घाबरणारी नव्हती. तंत्रज्ञान आधी त्यांच्याच हाती आले होते. तरी रोज बोलूनही त्यांना काहीतरी अपुरे वाटले.

हेच अपुरेपण संत योहानाच्या दुसऱ्या पत्राच्या शेवटी आहे. सांगण्यासारखे खूप आहे, पण ते कागद आणि शाईने सांगायची इच्छा नाही; तुमच्याकडे येऊन समक्ष बोलू, म्हणजे आपला आनंद पूर्ण होईल, अशा अर्थाचे तो लिहितो. मूळ ग्रीकमध्ये ‘तोंडाशी तोंड’ असे शब्द आहेत. लक्षात घ्या, हे त्याने पत्रातच लिहिले आहे. पत्र वाईट नाही. पत्र भेटीची वाट तयार करते.

कुणी विचारील, न पाहता विश्वास ठेवणारे धन्य, असे प्रभूनेच थोमाला सांगितले ना? होय. आपण सारे त्या धन्य लोकांपैकी आहोत. पण न पाहणाऱ्यांसाठी प्रभूने फक्त शब्द मागे ठेवले नाहीत. पाणी, तेल, भाकर आणि द्राक्षारस ठेवला. आपण त्याला डोळ्यांनी पाहत नाही, पण जिभेवर घेतो.

करोनाच्या साथीत आपल्या राज्यातील प्रार्थनास्थळे मार्च २०२० पासून बंद होती. ती १६ नोव्हेंबर २०२० रोजी उघडली. २०२१ साली ती पुन्हा बंद झाली आणि ७ ऑक्टोबरला उघडली. त्या दिवसांत मोबाइलवरच्या मिस्साने अनेक घरांना आधार दिला. त्याबद्दल देवाचे आभार. परंतु १७ एप्रिल २०२०च्या प्रवचनात पोप फ्रान्सिस यांनी सावध केले होते की, ही संकटकाळाची सोय आहे, ख्रिस्तसभा कायमची अशी नसते. व्हॅटिकनच्या २००२ सालच्या ‘ख्रिस्तसभा आणि इंटरनेट’ या दस्तऐवजातही स्पष्ट म्हटले आहे की, इंटरनेटवर संस्कार नसतात. अंथरुणाला खिळलेल्यांसाठी मोबाइल आजही वरदान आहे. धडधाकट माणसाने मात्र स्वतःला एकदा विचारावे : आपण घरी का बसलो आहोत?

७ सप्टेंबर २०२५ रोजी संत म्हणून घोषित झालेला कार्लो अकुटिस १५ वर्षांचा असताना, २००६ साली वारला. संगणकात तो तरबेज होता. ख्रिस्तशरीराच्या चमत्कारांची माहिती त्याने संकेतस्थळावर मांडली. पण तो स्वतः रोज मिस्साला जात असे आणि मिलानच्या रस्त्यांवरील बेघरांना खाऊ-पांघरूण देत असे. संगणकाने त्याला वेदीपासून आणि गरिबापासून दूर नेले नाही.

या आठवड्यात आपण प्रत्येकाने एक भेट द्यावी. ज्या म्हाताऱ्या मावशींना आपण फक्त सणाचे चित्र पाठवतो, त्यांच्या ओटीवर जाऊन बसावे. ज्या भावाशी जमिनीवरून अबोला आहे आणि जे काही बोलणे होते ते मेसेजवरच होते, त्याच्या दारात जावे. त्याला लिहून समजावण्याचा प्रयत्न बहुतेकांनी करून पाहिला आहे. प्रभूने थोमाला युक्तिवाद लिहून धाडला नाही. बंद दारांतून आत येऊन प्रथम शांतीचे शब्द उच्चारले. आजारी व्यक्तीला घरी ख्रिस्तशरीर हवे असल्यास तिच्या घरच्यांनी किंवा शेजाऱ्यांनी आम्हा धर्मगुरूंना जरूर कळवावे. त्यासाठी फोन चालेल. पण येऊ आम्ही स्वतः.

हे प्रभो, तू आमच्यासाठी देह धारण केलास. आमचे पाय एकमेकांच्या दाराकडे वळव. आमेन.