बांधापलीकडचे पाणी

गेल्या भाऊबीजेला मी आक्काकडे गेलो होतो. आमची आक्का वाळवे तालुक्यात दिलेली. पाटणहून निघून कराड मागे टाकले की मुलूख बदलतो. डोंगर दूर सरतात, माती काळी होते आणि रस्त्याच्या दोन्ही अंगांना ऊस सुरू होतो. लहानपणापासून त्या काळ्या मातीचा मला हेवा वाटत आला आहे. आम्ही तांबड्या मातीची माणसे. आमच्या नांगराला मातीइतकेच दगड लागतात.

ओवाळणीला अवकाश होता म्हणून सकाळी दाजींबरोबर मळ्यात गेलो. उसाच्या दोन पट्ट्यांमध्ये एक तुकडा मोकळा पडला होता. तीसेक गुंठे असेल. त्याच्यावर पांढरे काहीतरी पसरले होते. आमच्याकडे त्या दिवसांत सकाळचे गवत दवाने पांढरे दिसते. मी सहज म्हणालो, “दव बरंच पडलंय की, दाजी.”

दाजी हसले नाहीत. “चाखून बघा, मास्तर.”

मी बोट टेकवून जिभेला लावले. खारट लागले, आणि मागाहून कडवट.

ह्याच तुकड्यावर माझ्या थोरल्या भाच्याचे शिक्षण झाले होते. दाजी सांगू लागले. रान आधी चिबडले, मग चोपण झाले. हे दोन्ही शब्द मी वर्गात शिकवले आहेत. पण ते मी पायाखाली कधी तुडवले नव्हते. चिबड म्हणजे जिच्या पोटातले पाणी हटत नाही अशी जमीन. वरून कोरडी दिसली तरी टाच दाबली की ओल वर येते आणि पिकाची मुळी श्वास कोंडून कुजते. चोपण ही त्याच्या पुढची पायरी. ती जमीन भिजली की साबणासारखी निसरते आणि वाळली की दगड होते. नांगर तिच्यात धड शिरत नाही, आणि बी शिरले तर वर येत नाही.

माझे शिक्षण मॅट्रिकपुरते आहे. तेव्हा रसायनशास्त्रात मी फार खोल जाणार नाही. पण जे कळले ते असे. आपला हा सारा प्रदेश लाव्ह्याच्या खडकाचा. तो खडक झिजून काळी माती झाली. ही माती पाणी मिळाले की फुगते आणि पाण्याची वाट आपणच बुजवते. खडकातले क्षार तिच्यात मूळचेच असतात. खोल असतात तोवर त्रास देत नाहीत. पाणी बेसुमार दिले की पोटातली पातळी वर चढते. मग वातीतून तेल चढावे तसे ते पाणी मातीतून पृष्ठभागी येते, ऊन त्याला उडवून नेते आणि क्षार मागे राहतो. त्यातला सोडियम मातीचा कण न् कण सुटा करतो. जिप्सम टाकले तर सोडियम सुटतो, परंतु सुटलेला सोडियम वाहून जायला वाट हवी. वाट नसेल तर जिप्समचे पैसेही त्याच मातीत गेले.

गंमत पाहा. कोयनानगरला वर्षाकाठी दोनशे इंचांच्या आसपास पाऊस पडतो. वाळव्याच्या भागात त्याचा सातवा-आठवा हिस्साही धड पडत नाही. पण मीठ फुटते ते वाळव्यात. आमच्याकडचा पाऊस उतारावरून धावतो आणि क्षार धुऊन नेतो. तिकडे जमीन सपाट, आणि पाणी आभाळातून आलेले नाही. ते माणसाने नदीतून उचलून आणले आहे.

मी विचारले, “हे कुणामुळं झालं?”

प्रश्न मास्तरकीचा होता. वर्गात काच फुटली की आम्हांला आधी नाव लागते. दाजींनी वरच्या अंगाला हात केला. तिकडच्या शेतकऱ्यांनी वर्षानुवर्षे मोकाट पाणी दिले. रात्रीची लाइट आली की मोटार चालू करायची आणि निजायचे. पाणी सरीतून कुठे जाते हे सकाळी पाहायचे. मग दाजी थोडे थांबले आणि म्हणाले, “आन् मीबी तसंच दिलं की.”

मला वाटते, खरी अडचण इथे आहे. चोराने चोरी केली तर चोर आहे. इथे प्रत्येकाने आपल्या पिकाला पाणी दिले, आणि तहानलेल्या पिकाला पाणी देणे हे तर पुण्यकर्म. अज्ञानाची सबबही पुरती खरी नाही. नीरेच्या कालव्याखाली हाच प्रकार पूर्वी झालेला होता. पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्राचार्य हॅरोल्ड मान आणि त्यांचे सहकारी तम्हाणे यांनी १९१० साली नीरा खोऱ्यातल्या खाऱ्या जमिनींवर पुस्तिका छापली. म्हणजे ही गोष्ट शंभराहून अधिक वर्षे कागदावर आहे. पण कागद वेगळा आणि उसाचे बिल वेगळे. ज्याच्या बांधाअलीकडे पीक डोलते आहे, त्याला बांधापलीकडे काय मुरते आहे ते दिसत नाही. पाप डोळ्यांना दिसले तर माणूस निदान लाजतो. जमिनीच्या पोटातून, दोन हात खाली, वर्षाला चार पावले सरकणाऱ्या पापाची लाज कोणाला वाटायची?

उपाय आहे. दाजी कसबे डिग्रजच्या कृषी संशोधन केंद्रात जाऊन आले होते. जमिनीत छातीइतक्या खोलीवर भोकांचे पाइप पुरायचे, उतार द्यायचा आणि झिरपलेले पाणी ओढ्याला सोडायचे. युक्ती नवी नाही. युरोप-अमेरिकेच्या उत्तर भागात हिमयुगातल्या बर्फाने रगडून आणलेली दगडमातीची जमीन आहे. तिचाही खालचा थर घट्ट, पाणी सोडायला नाखूष. स्कॉटलंडहून अमेरिकेत गेलेल्या जॉन जॉन्स्टन नावाच्या शेतकऱ्याने १८३० च्या दशकात न्यूयॉर्क राज्यात आपल्या शेतात भाजलेल्या मातीच्या नळ्या पुरल्या. लोक म्हणाले, हा भांडीकुंडी पुरतो आहे. मग त्याच्या गव्हाने त्यांची तोंडे बंद केली. आपल्याकडे तसला बर्फ चंद्रपूरजवळच्या इरई गावच्या खडकावर ओरखडे ठेवून गेला, तो तीसेक कोटी वर्षांपूर्वी. म्हणजे ती माती बर्फाने केलेली आणि आपली आगीने केलेली. पण पाणी तुंबले की दोघींचे दुखणे एकच.

दाजींचा ओढा मात्र त्यांच्या बांधाला लागून नव्हता. मध्ये एका शेतकऱ्याचा मळा होता. पाइप त्याच्या रानाखालून नेला तरच पाणी ओढ्याला जाणार, आणि तो नाही म्हणत होता. “तुम्ही मास्तर आहात, चार शब्द बोलून बघा,” असे आक्का म्हणाली. ओवाळणीच्या ताटात बहिणीने काही मागितले तर भावाला नाही म्हणता येत नाही.

दुपारी गेलो. त्याने खाट टाकली, चहा सांगितला. माणूस माझ्याच वयाचा. मी जाताना एक हत्यार बरोबर नेले होते. मागे एका वकिलाने मला १८८२ चा वहिवाटीचा कायदा समजावला होता. त्यात म्हटले आहे की वरच्या जमिनीत निसर्गतः उगवणारे किंवा तिच्यावर पडणारे पाणी खालच्या जमिनीत वाहून आले, तर खालच्या मालकाने त्याला येऊ दिले पाहिजे. मी हे शक्य तितक्या गोड शब्दांत सांगितले.

त्याने ऐकून घेतले. मग म्हणाला, “गुरुजी, ह्यो कायदा पावसाच्या पाण्याचा दिसतोय. दाजींच्या रानात हाय ते मोटारीचं पाणी. ते काय आभाळातनं पडलं न्हाई.”

मी निरुत्तर झालो. पुढे तो म्हणाला, “आन् ह्ये खारं पाणी जाणार वड्याला. वड्यावर माझी मोटार हाय. आज त्यांचं रान गेलं, उद्या माझं जाईल. मग मी पाइप कुणाच्या रानातनं न्यायचा?”

हा माणूस आडमुठा असेल अशी मी मनाशी तयारी करून गेलो होतो. तो आडमुठा नव्हता. त्याचा प्रश्न माझ्यापेक्षा एक बांध पुढचा होता.

निघताना त्याने सहज विचारले. त्या विचारण्यात कुचकेपणा नव्हता. “तुमच्या पाटणला कसं करत्यात? दुसऱ्याचं पाणी आपल्या रानातनं जाऊ देत्यात का?”

“देतात,” मी म्हणालो.

परतीच्या एस. टी. त मला ते ‘देतात’ टोचत राहिले. माझ्या भाताच्या खाचराच्या वर माझ्या एका चुलत्यांचे खाचर आहे. त्यांच्या रानात पडलेले पावसाचे पाणी पूर्वीपासून माझ्या रानात उतरत असे. वडिलांनी ते एका अंगाला घेण्यासाठी बांधाकडेने चर काढली होती. वडील गेल्यावर मी ती बुजवली. तेवढीच दोन हात रुंद पट्टी पिकाखाली आली. त्यानंतर एकदा चुलते म्हणाले होते, “मास्तर, वरचा कोपरा औंदा सुकंना झालाय. हरभरा टाकता यीना.” मी म्हणालो होतो, “पाऊस जास्त झालाय, आण्णा.” आणि तेही ‘व्हय, झालाय खरा’ म्हणून गेले होते. त्यांना कारण ठाऊक नव्हते असे मला आता वाटत नाही. मास्तरला कसे बोलायचे, म्हणून ते गेले.

म्हणजे जो कायदा घेऊन मी वाळव्याला गेलो, तो तिथे लागू पडत नव्हता. लागू पडत होता तो माझ्याच खाचराला. तिथले पाणी आभाळातून पडलेले होते.

मनाने मग पळवाटा शोधल्या. मन त्यात पटाईत असते. मला आमची कोयना आठवली. माझ्या आजीचे माहेर शिवसागराच्या पाण्याखाली आहे. धरणासाठी आमच्या खोऱ्यातली गावेच्या गावे उठली. ते पाणी काही बोगद्यातून पोफळीला जाऊन वीज करते आणि काही कृष्णेला मिळून खालचा ऊस पिकवते. वाटले, आम्ही पाटणच्या लोकांनी दुसऱ्यांच्या पाण्यासाठी पुष्कळ दिले आहे. आता दोन हातांच्या चरीचा हिशेब आम्हांला कोणी विचारू नये. पण हे खोटे होते. आजीच्या माहेरच्यांनी गाव दिले नाही, ते घेतले गेले. त्यांना कोणी खाटेवर बसवून चहा पाजून विचारले नव्हते. आणि दिलेले असतेच तरी ते त्यांनी दिले. मी त्या पुण्याईवर चुलत्यांचा हरभरा कसा बुडवणार?

दुसरीही एक आठवण आली. २०२१ च्या जुलैत आमच्या तालुक्यात आंबेघर, मिरगाव, ढोकावळे येथे डोंगर घरांवर आले. माती पाण्याने गच्च झाली की डोंगरसुद्धा उभा राहत नाही, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले. माझ्या चरीची तुलना मी त्या दुःखाशी करीत नाही; करणे शोभणार नाही. पण त्या पावसानंतर शाळेत मुलांना मीच सांगितले होते की पाण्याची वाट अडवू नये. फळ्यावर चित्रही काढले होते.

वैशाखात गडी लावून मी चर पुन्हा काढली. चुलते बांधावर येऊन उभे राहिले. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “तुझी पट्टी गेली की.” मी म्हणालो, “गेली.” माफी मागायची असे ठरवले होते, पण शब्द आले नाहीत, आणि त्यांनीही वाट पाहिली नाही, फावडे घेऊन खालच्या तोंडाचा एक दगड काढू लागले. यंदाच्या पावसात कोपरा लवकर निथळला. हरभऱ्याचे अजून सांगता येत नाही.

वाळव्याचा प्रश्न मात्र चर उकरून सुटणारा नाही. चुलत्यांचे पाणी गोडे आहे, ओढ्याला मिळाले की कोणाचे काही बिघडत नाही. दाजींचे पाणी खारे. ते त्यांच्या रानातून जाईल म्हणजे नाहीसे होईल असे नाही, ते पुढच्याच्या दारात जाईल. पावसाळ्यात ओढा भरून वाहतो तेव्हाच सोडावे, म्हणजे खार पातळ होईल, असा एक विचार निघाला आहे. वरच्या शेतकऱ्यांनी ठिबक घ्यावे आणि पाइपच्या खर्चात वाटा उचलावा, असे दाजी म्हणतात. वरचे म्हणतात, आमच्या रानात कुठे मीठ फुटले आहे? खालचा म्हणतो, आधी ओढ्याचे पाणी तपासू, मग बोलू. त्याने बाटली भरून तपासायला दिली आहे. हे मला आक्काने फोनवर सांगितले, आणि त्यात पहिल्यांदाच तिने त्याचा उल्लेख ‘तो आडवा’ असा न करता नावाने केला.

या भाऊबीजेला जाताना घरचा इंद्रायणी तांदूळ नेणार आहे. दोन पिशव्या बांधल्या आहेत. एक आक्काची. दुसरी खालच्या मळ्यात द्यायची आहे, आणि मागच्या वेळी ‘देतात’ म्हणालो तेव्हा माझी चर बुजलेली होती, हेही त्याला सांगायचे आहे.