वेचावे, घडवावे, सोडून द्यावे



ओहोटीच्या वेळी किनाऱ्यावर खेळणाऱ्या लहान मुलाकडे कधी लक्ष देऊन पाहिले आहे का? ते दहा पावलेही सरळ चालत नाही. वाकते, शिंपला उचलते, वाळू झटकते, आईला दाखवते आणि पुढच्या शिंपल्याकडे धावते. त्याच्या मुठीत जे असते त्याला बाजारात काही किंमत नाही. तरी त्या घटकेला किनाऱ्यावर त्याच्याइतके सुखी कोणी नसते. आपण मोठे होतो, घर वस्तूंनी भरते आणि तो सहज आनंद मात्र कुठे हरवला हे कळत नाही.

आपल्यापैकी अनेकांना हातकामाची आवड आहे. कोणी विणकाम करतात, कोणी पणत्या रंगवतात, कोणी जुन्या साड्यांची गोधडी शिवतात. किनाऱ्याजवळ राहणारे किंवा रामेश्वर, पुरी, द्वारकेच्या यात्रेला जाणारे साधक शिंपले, समुद्रफेस, लाटांनी गुळगुळीत केलेले लाकूड गोळा करून त्यांची तोरणे, दिवे, देवघराची सजावट करतात. मग मनात एक शंका डोकावते : हा वेळ जपाला दिला असता तर? वय झालेल्या, नोकरीतून निवृत्त झालेल्या साधकांची अडचण उलटी असते. ते जपाला बसतात, पण रिकामे हात अस्वस्थ होतात आणि मनही त्यांच्यामागे भटकते. या दोघांनाही भागवतातल्या एका संवादात उत्तर सापडते.

अवधूताचे गुरू

श्रीमद्भागवताच्या अकराव्या स्कंधात श्रीकृष्ण उद्धवाला यदुराजा आणि एका अवधूताची भेट सांगतात. परंपरा या अवधूताला दत्तात्रेय मानते. राजा विचारतो, "जवळ काही नसताना आपण इतके आनंदी कसे?" अवधूत आपल्या चोवीस गुरूंची नावे सांगतो. नाथमहाराजांनी याच स्कंधावर मराठीत एकनाथी भागवत लिहिले. पैठणला सुरू झालेला तो ग्रंथ १५७३ मध्ये काशीत पूर्ण झाला. महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या मराठी साधकांना म्हणूनच तो विशेष आपला वाटावा.

या चोवीस गुरूंमध्ये पृथ्वी, वायू, आकाश यांच्या बरोबरीने मधमाशी आहे, बाण घडवणारा कारागीर आहे, जाळे विणणारा कोळी आहे आणि समुद्रही आहे. वेचणाऱ्या आणि घडवणाऱ्या हातांना आज या चौघांपाशी बसायचे आहे.

मधमाशी : किती वेचावे?

मधमाशी लहानमोठ्या सर्व फुलांवर बसते, थोडे थोडे घेते आणि फुलाला इजा करत नाही. अवधूत तिच्याकडून हे शिकला. तिच्याकडून त्याने दुसराही धडा घेतला : साठवण करू नये. साठवलेल्या मधापायी मधमाशीवरच संकट येते.

शिंपले वेचताना हे दोन्ही धडे सोबत ठेवावेत. शंख किंवा शिंपला हे एका जिवाचे घर आहे. आतला मऊ जीव समुद्राच्या पाण्यातला चुना घेऊन थरावर थर चढवत ते बांधतो. शिंपल्यावरच्या बारीक रेषा नीट पाहा; त्याच्या वाढीची ती नोंद आहे. मालक गेल्यावरही ते घर वाया जात नाही. एका जातीचा छोटा खेकडा रिकाम्या शंखात शिरून राहतो आणि वाढला की मोठा शंख शोधतो. अवधूताच्या गुरूंमध्ये सापही आहे, तो असाच दुसऱ्याने बांधलेल्या घरात राहतो. आपण किनाऱ्यावरचे सगळे शंख पिशवीत भरले, तर या छोट्या बिऱ्हाडकरूने जायचे कुठे?

म्हणून उचलण्यापूर्वी शंख उलटा करून पाहावा. आत हालचाल दिसली, तर हळूच होता तिथे ठेवावा. अखंड, मोठे शंख राहू द्यावेत. फुटके, झिजलेले तुकडे घ्यावेत. आपल्या कामाला तेच पुरतात. दुकानातले चकचकीत शंख पाहून मोह होतो, पण त्यांतले बहुतेक जिवंत जीव पकडून मिळवलेले असतात. प्रवाळ आणि काही दुर्मीळ शंख २००१ मध्ये वन्यजीव संरक्षण कायद्याच्या यादीत आले. कायदा सांगतो म्हणून तर हे पाळायचेच, पण साधकाला त्याआधी अहिंसा आणि अस्तेय सांगतात. देवघराची शोभा कोणाच्या प्राणांनी वाढत नसते.

आणखी एक करता येईल. एका हातात शिंपल्यांची लहान पिशवी घ्यावी आणि दुसऱ्या हातात मोठी. त्या मोठ्या पिशवीत प्लास्टिकच्या बाटल्या, दोऱ्या, वेष्टने गोळा करावीत. घेतले त्याहून अधिक किनाऱ्याला परत दिले, याचे समाधान घरी येताना सोबत असेल.

बाणकार : कसे घडवावे?

एक कारागीर बाण सरळ करत बसला होता. वाजतगाजत राजाची स्वारी शेजारून गेली, तरी त्याला कळले नाही. अवधूताने याला एकाग्रतेचा गुरू मानले. इथे थोडे थांबून विचार करा. ध्यानाचा आदर्श म्हणून त्याने गुहेतला योगी निवडला नाही. रस्त्याच्या कडेला बसलेला, पोटासाठी काम करणारा कारागीर निवडला. कबीरांचा माग, रोहिदासांची रापी, गोरोबांचे चाक, नरहरी सोनारांची हातोडी हीसुद्धा हेच सांगतात. या संतांनी हातातले काम खाली ठेवून देव शोधला नाही.

आता आपली शिंपल्यांची माळ घ्या. शिंपले गोड्या पाण्यात भिजवावेत, जुन्या दातघासणीने हलक्या हाताने घासावेत, सावलीत वाळवावेत. काही शिंपल्यांना एक सुबक गोल भोक आधीच असते. ते आपण पाडलेले नसते. समुद्रातली एक शिकारी गोगलगाय दुसऱ्याच्या कवचाला असे भोक पाडून आतला जीव खाते. एकाच्या मृत्यूची खूण आपल्या दोऱ्याची वाट होते. हे लक्षात आले की ओवणारा हात आपोआप हळू होतो, त्यात एक आदर येतो. सुती दोरा किंवा काथ्या घ्यावा आणि प्रत्येक शिंपल्याबरोबर एक नाम घ्यावे. दोऱ्यात मणी ओवलेले असावेत तसे सर्व काही परमात्म्यात ओवलेले आहे, अशी उपमा गीतेच्या सातव्या अध्यायात आली आहे. ती वाचून जितकी समजते, त्याहून अधिक अशा एखाद्या दुपारी समजते.

दोरा गुंतेल, शिंपला फुटेल, चिडही येईल. तीच खरी साधनेची घटका. मन कुठे गेले होते ते तेव्हा दिसते. गुंता ओढला तर घट्ट होतो, सैल केला तर सुटतो, हे बोटांना माहीत आहे. बोटांकडून मनाने शिकायचे आहे. आणि काम चालू असताना भ्रमणध्वनी दूर ठेवावा. आजच्या काळात राजाची स्वारी त्यातूनच जाते, आणि दर पाच मिनिटांनी जाते.

शंखाच्या बांगड्या

शंखाशी आपल्या देशातल्या हातांचे नाते फार जुने आहे. द्वारकेजवळच्या नागेश्वर येथे हडप्पा काळातल्या शंखकामाचे अवशेष मिळाले आहेत. चार हजार वर्षांपूर्वीही तिथले कारागीर शंख कापून बांगड्या करत होते. पुढे तमिळनाडूच्या तुतिकोरीनजवळच्या समुद्रातला शंख बंगालमध्ये जाऊ लागला आणि तिथल्या सुवासिनींच्या हातातला शुभ्र 'शांखा' झाला. विष्णुपूरचे कारागीर आजही शंखावर कोरीव काम करतात. दक्षिणेचा समुद्र आणि पूर्वेचे हात असे एका बांगडीत भेटतात.

अवधूताच्या कथेतही शंखाच्या बांगड्या आहेत. घरी पाहुणे आलेले असतात आणि एक मुलगी आत एकटीच साळी कांडत असते. हातातल्या बांगड्या वाजू लागतात तेव्हा तिला संकोच वाटतो. ती एकेक बांगडी काढते. दोन उरतात, तरी आवाज येतो. एकच उरते तेव्हा शांतता होते. हातकामाला बसतानाही इतके ध्यानात ठेवावे. समूहात केलेली सेवा आनंदाची आहेच, पण आठवड्यातला एखादा तास एकट्याने, न बोलता काम करावे. एका बांगडीची शांतता तेव्हा अनुभवता येते.

कोळी : सोडून कसे द्यावे?

सर्वांत कठीण भाग आता येतो. वस्तू सुंदर झाली की मन लगेच म्हणते, "ही मी केली." मग कोणी पाहिली का, किती जणांनी वाखाणली, शेजारणीची अधिक चांगली झाली का, असे हिशेब सुरू होतात. तासभर जो आनंद फुकट मिळत होता, त्याला आता दुसऱ्यांच्या कौतुकाचा आधार लागतो. कौतुक झाले नाही तर दुःख, झाले तर आणखी हवे.

कोळी आपल्याच अंतरातून धागा काढतो, जाळे पसरतो, त्यात खेळतो आणि शेवटी ते पुन्हा गिळून टाकतो. ईश्वर विश्व असेच निर्माण करतो आणि स्वतःत सामावून घेतो, असे अवधूत सांगतो. आपल्या घरातही हे शिक्षण आहे. दारातली रांगोळी दुसऱ्या दिवशी आपणच पुसतो. दीड दिवस मनोभावे पुजलेल्या मातीच्या गणपतीचे विसर्जन करतो. घडवणे आणि सोडणे ही एकाच पूजेची दोन अंगे आहेत, हे आपल्या आजीला कोणी शिकवावे लागले नव्हते.

म्हणून केलेली वस्तू देऊन टाकावी. रुग्णालयात एकटे पडलेल्या कोणाला, वृद्धाश्रमातल्या आजीला, कामावरच्या मावशींच्या मुलीला. देताना एकदा मनात पाहावे : ही वस्तू त्यांनी कोपऱ्यात टाकली, तर मला वाईट वाटेल का? वाटले, तर अजून दोऱ्याचे एक टोक आपल्या हातात आहे. ते हळूच सोडावे.

समुद्राजवळ बसून

चौथा गुरू समुद्र. पावसाळ्यात नद्या दुथडी भरून येतात, तो उतू जात नाही. उन्हाळ्यात त्या आटतात, तो रोडावत नाही. किनाऱ्यावर तो रोज काही आणून टाकतो आणि रोज काही परत नेतो, कशाचाही हिशेब ठेवत नाही. ज्याला हे दिसले, त्याच्यासाठी मूठभर शिंपलेही पुरेसे आहेत. किनारा दूर असेल तर वाळलेली पाने, बिया, नदीतले गोटे, शिवणकामातल्या चिंध्या चालतील. गुरूला साहित्याची अट नाही.

या आठवड्याचा संकल्प

- फुकट मिळालेल्या, टाकून दिलेल्या वस्तूंतून एक छोटी गोष्ट करीन.
- करताना मौन आणि नामस्मरण ठेवीन.
- तिचे छायाचित्र कोणाला पाठवणार नाही.
- सात दिवसांच्या आत ती कोणाला तरी देईन.

ती दिल्यानंतर थोडा वेळ रिकाम्या ओंजळीकडे पाहत शांत बसा. त्या क्षणी मनात जे भरून येईल, ते सोबत घेऊन ध्यानाला प्रारंभ करा.