स्थानभ्रष्टाची साक्ष

एखाद्या वस्तूला तिच्या स्थानावरून ओढून काढून जें ज्ञान मिळवावें, तें त्या वस्तूचें ज्ञान, कीं तिच्या स्थानभ्रष्ट अवस्थेचें? पेशीच्या पटलांत रुतून बसलेल्या प्रथिनांविषयीं हा प्रश्न केवळ तार्किक नाहीं. त्यांच्या भोंवतीं मेदाचें वेष्टण असतें. तें काढून नुसत्या पाण्यांत ठेवलीं, तर तीं बहुधा गोळा होऊन निकामी होतात. क्ष-किरणांनीं रचना पाहावयाची तर स्फटिक हवा, म्हणजे असंख्य रेणु एका शिस्तींत उभे हवेत. म्हणून संशोधक साबणासारख्या द्रव्यानें मेद दूर करितात व त्याच द्रव्याचा पट्टा प्रथिनाच्या कमरेस बांधितात. घर गेलेल्यास हा उसना अंगरखाच म्हणावयाचा!

अशा साक्षीदाराची जबानी ग्राह्य धरूं नये, असें आम्ही वर्गांत वर्षानुवर्षें सांगत आलों. परंतु हार्टमुट मिखेल यांनीं 1982 मध्यें एका जीवाणूच्या प्रकाशसंश्लेषण-केंद्राचे स्फटिक प्रसिद्ध केले, पुढें डायझेनहोफर व हूबर यांच्यासह त्याची रचना उलगडली आणि 1988 चें नोबेल पारितोषिक तिघांस मिळालें, ही हकीकत वाचतांना एका गोष्टीनें आम्हांस अडविलें. 1983 मध्यें त्या स्फटिकांवर प्रकाश टाकून पाहिला, तेव्हां ते बंदिवान रेणु इलेक्ट्रॉन पुढें सरकविण्याचें आपलें काम करीतच होते!

आमचा आक्षेप आतां जसाच्या तसा टिकत नाहीं. तो सर्वस्वीं मागें घेण्यासही मात्र आम्ही तयार नाहीं. पदार्थांची आंतबाहेर ने-आण करणारीं प्रथिनें रूप पालटूनच तें काम करितात. त्यांपैकीं एखादें स्फटिकांत कोणत्या क्षणीं थिजलें, हें त्यास आधीं विचारावें लागतें.