गाडी कधी येईल

दसरा झाला की ऊसतोडीपायी बीड जिल्ह्यातली गावं ओस पडायला लागतात. धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर कासार, आष्टी, केज... बालाघाटाच्या डोंगरातल्या वाड्या-तांड्यांवर म्हातारी माणसं आणि शाळेतली पोरं तेवढी मागे राहतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल फेडायला हा कोयता सांगली, कोल्हापूर, सातारा, नाहीतर कर्नाटक गाठतो आणि उन्हाळा लागल्यावर परततो. मधल्या पाच-सहा महिन्यांत या दोघांच्या झोपेचं काय होतं, हा प्रश्न मला अलीकडे सोडत नाही.

पहाटे तीन-चारला कोपीपुढची, म्हणजे झोपडीपुढची, चूल पेटते. बाई आधी उठते. भाकरी बांधून फडात जायचं, दिवसभर ऊस तोडायचा, मोळ्या बांधायच्या. अंधार पडल्यावर कोपीवर आलं तरी दिवस संपत नाही, कारण उसाची गाडी भरायची राहिलेली असते. ती कधी नवाला येते, कधी मध्यरात्री एकला. आली की उठायचं आणि डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून चढायचं. त्या वेळी डोळे उघडे ठेवायला हाताशी दोनच गोष्टी असतात, चहा आणि चुन्यात मळलेली तंबाखू. बायकांची मिसरी असते. चुना लावल्यावर तंबाखू लवकर 'लागते' हे त्यांना अनुभवाने ठाऊक असतं. चुन्याच्या अल्कतेमुळे निकोटिन तोंडाच्या आतल्या पातळ त्वचेतून चटकन रक्तात उतरतं.

ही जाग शरीराला कशी पडते, हे कळायला आधी शरीराचं घड्याळ पाहावं लागतं. डोळ्यांकडून येणाऱ्या दोन्ही नसा मेंदूत जिथे एकमेकींना छेदतात, त्याच्या लगेच वर साधारण 20,000 पेशींचा एक ठिपका आहे. शरीराचं मुख्य घड्याळ ते. पेशींच्या आतलं घड्याळ कसं चालतं, ते शोधणाऱ्या हॉल, रॉसबॅश आणि यंग यांना 2017 चं नोबेल मिळालं. मुख्य घड्याळ वेळ लावून घेतं ती मुख्यतः सकाळच्या उजेडावरून. जागेपणी मेंदूत अ‍ॅडेनोसिन साठत जातं आणि झोपेची ओढ वाढवतं. चहातलं कॅफिन त्याच्या जागा अडवून बसतं. थकवा तिथेच असतो, फक्त त्याचा निरोप पोचत नाही. अर्धं कॅफिन शरीरातून जायलाच पाच-एक तास लागतात.

बरं, कॅफिन नुसती झोप उडवून थांबत नाही. अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठाच्या संशोधकांनी 2015 साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. नेहमीच्या झोपेच्या तीन तास आधी दोन एस्प्रेसोंइतकं कॅफिन दिलं, तर अंतर्गत घड्याळच सुमारे 40 मिनिटं मागे सरकलं. माणसं पाचच होती, पण प्रयोग काटेकोर होता. कपभर चहात कॅफिन त्याहून कमी; मात्र फडावर चहा एकदा होत नाही.

जपानमधले संशोधक होनमा आणि सहकाऱ्यांच्या उंदरांची गोष्ट तर मला अस्वस्थ करते. मेंदूतला तो ठिपका नष्ट केल्यावर उंदरांच्या झोप-जागेला ताळतंत्र उरला नव्हता. पिण्याच्या पाण्यात मेथअ‍ॅम्फेटामिन हे जहाल उत्तेजक दिल्यावर त्यांच्यात पुन्हा लय दिसू लागली, पण ती दिवस-रात्रीला बांधलेली नव्हती. सूर्याशी नातं तुटलेली लय. चहा-तंबाखूला मी त्या पंगतीत बसवत नाही. तरीही मध्यरात्री फळीवरून चढणारी ती बाई आठवते. तिचा दिवस कुठे सुरू होतो आणि कुठे मावळतो?

ऊसतोड कामगारांना व्यसन सोडायला सांगणारी माणसं मी पाहिली आहेत. त्यांची कळकळ खरी असते. तंबाखू तोंडाचा कर्करोग देते, ती सुटायलाच हवी. पण या जोडप्याने रात्री जागायचं स्वतःहून ठरवलेलं नाही. मजुरी टनावर, खाडा झाला तर कपात, डोक्यावर उचल. त्यांची रात्र गाडीच्या हाती आहे आणि तिची वेळ पाळायला शरीर नकार देतं, म्हणून चिमूट तोंडात जाते. त्या चिमटीवर बोलण्याआधी मला गाडीच्या वेळेवर बोलावंसं वाटतं.

आज जवळजवळ प्रत्येक मुकादमाच्या खिशात मोबाइल आहे. गाडी आज रात्री किती वाजता लागेल, की उद्या सकाळीच, एवढं दिवस मावळताना फडावर कळवता येईल. मग चुलीवर चहाचं आधण ठेवायचं की निखारे राखेने झाकून सोबतच्या लहानग्या पोराला कुशीत घेऊन आडवं व्हायचं, हे त्या बाईला तेव्हाच ठरवता येईल.