अभयदान आणि धास्ती

अंड्यांच्या कारखान्यातून सुटलेली कोंबडी परसात आणावी असे मनात येताच, 'ती आपल्या हाती जगेल काय?' अशी धास्ती आपणांस वाटते. ती धास्ती अनाठायी नव्हे. लिहिण्याच्या एका कागदाहून कमी जागेत, तारेवर उभे राहून जन्म कंठलेल्या त्या जिवाला माती ठाऊक नसते. आपल्याहून अधिक भ्यालेला तोच असतो. भारतीय विधी आयोगासही २०१७ साली या पिंजऱ्यांचा विचार करावा लागला.

म्हणून प्रथम काही दिवस तिला कोरड्या खुराड्यात ठेवावे, पूर्वीचाच दाणा व स्वच्छ पाणी द्यावे. गावठी कोंबड्यांत एकदम सोडू नये. मुंगुसापासून जपावे. हळूहळू पिसे फुटतात, आणि एके दिवशी ती आपण होऊन धुळीत लोळू लागते.

तरीही अतिप्रसवाने झिजलेला तो देह फार काळ टिकेलच असे नाही. चिकोडीहून नृसिंहवाडीस दत्तदर्शनाला जाणाऱ्या आपण येथे भागवताचा एकादश स्कंध आठवावा. अवधूताने कपोतास गुरू केले, ते आसक्तीचा धोका ओळखण्यासाठी. 'मरेल' म्हणून दार लावून घेणे हीही आसक्तीच होय. सेवा आपली, आयुष्य ईश्वराचे. एवढे जाणून दार उघडावे.