सत्ता ही अमानत
मुस्लिम समाजाचे शासन शरीअतने चालावे की धर्मनिरपेक्ष कायद्याने? इतिहास दोन्ही पक्षांना सावध करतो. इ. स. 833 मध्ये खलीफा मामूनने 'कुरआन मखलूक (निर्मित) आहे' हे मत उलमांवर लादले, इमाम अहमद बिन हंबल (रह.) यांनी ते नाकारून बेड्या पत्करल्या. 1932 मध्ये धर्मनिरपेक्ष तुर्कस्तानने तुर्की भाषेतील अजान लादली. 1950 मध्ये ती सक्ती उठली. एकाने दीनचे नाव घेतले, दुसऱ्याने प्रगतीचे. घाला मात्र श्रद्धेवरच पडला. सूरह अन्-निसा (4:58) अमानत हक्कदारांना सोपविण्याची व न्यायाने निवाडा करण्याची आज्ञा देते. सत्ताही अमानतच आहे. म्हणून कोणत्याही शासनाला प्रथम हेच विचारावे: येथे दुर्बळाला न्याय मिळतो काय, आणि राज्यकर्त्याला नकार देणारा आलिम निर्भय राहू शकतो काय?